कुणी नाही, मी आहे

औट्यांच्या मळ्यातल्या घरावर कॅमेरे बसले ते बिबट्यामुळं, आणि डोईजड झाले ते पाकोळ्यांमुळं.

जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला राहणाऱ्यांना आता बिबट्याचं नवल राहिलेलं नाही. उसातच जन्मलेल्या, उसातच वाढलेल्या आणि डोंगर कधीच न पाहिलेल्या बिबट्यांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या आहेत. त्यामुळं मळ्यात घर बांधलं की चार कोपऱ्यांना चार कॅमेरे आलेच. गोरक्ष औटीनंही ते बसवले. रात्री अंगणात काही हललं की फोन वाजणार आणि घरातली माणसं सावध होणार, असा सरळ विचार होता.

पण हे कॅमेरे अंधारात बघतात कसे, ते समजून घेतलं पाहिजे. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश ते अंगणात फेकतात. आपल्याला मिट्ट काळोख, त्यांना टिपूर चांदणं. त्या चांदण्यात त्यांना कळतं काय, तर मघाच्या चित्रात आणि आत्ताच्या चित्रात किती ठिपके बदलले, एवढंच. भिंगापासून वीतभर अंतरावरून एखादी पाकोळी, पतंगाएवढा किडा, उडाली की ती निम्मं चित्र झाकून टाकते आणि यंत्राला वाटतं, केवढं तरी जनावर आलं. कोळ्यालाही जाळं विणायला नेमकी कॅमेऱ्याचीच वळचण आवडते. ते जाळं वाऱ्यानं हललं की पुन्हा बोंब. पपईचं पान डोललं की बोंब. हमरस्त्यावर वळणाऱ्या ट्रकचा उजेड भिंतीवरून सरकला तरी बोंब. औट्यांच्या घरात फोन रात्रभर असा काही किणकिणायचा की बिबट्या परवडला पण राखण नको, अशी गत झाली.

शेवटी सगळ्यांनी केलं तेच गोरक्षनं केलं. फोनचा आवाज बंद केला आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण पोरांना मोठ्या शहाणपणानं सांगतो, पण इथं ओरडणारं यंत्र निघालं आणि मोठी माणसं गोष्टीतल्या गावासारखीच वागली. शेजारच्या माळवाडीतल्या एका ओट्यावरून बिबट्यानं कालवड नेली, त्या रात्री मालकाच्या फोनवर इशारा आला होता. फोन उशाखाली मुका पडला होता.

त्याच सुमारास 'जागल्या' आला.

नाव जुनंच. गावाची रात्रीची राखण करणाऱ्याला पूर्वी जागल्या म्हणत. हा नवा जागल्या म्हणजे पोरांच्या पाटीएवढी एक चपटी पेटी होती. ती बैठकीच्या खोलीत भिंतीला लावायची. कॅमेरे जुनेच राहायचे, त्यांच्यामागचं डोकं तेवढं नवं. ती पेटी बसवायला नारायणगावहून तेजल वाव्हळ नावाची इंजिनिअर मुलगी यायची. तिनं एका दुपारी दूध डेअरीच्या शेडमध्ये मळेकऱ्यांना गोळा केलं आणि आधी त्यांनाच प्रश्न टाकला.

"खोटा इशारा म्हणजे काय, सांगा बरं."

"किडा दिसला तरी बोंबलतंय, तो खोटा," कुणीतरी म्हणालं.

"आणि गाय सुटली तर?"

"तो खरा."

"का? किडाही हलला, गायही हलली."

"आता किड्यासाठी कोण उठतंय, ताई!"

शेडमध्ये हशा पिकला. तेजलही हसली. "मलाही हेच सांगायचंय," ती म्हणाली. "इशारा खरा की खोटा हे अंगणात ठरत नाही, घरात ठरतं. ज्या हालचालीसाठी घरातलं माणूस उठतं, ती खरी. जिच्यासाठी कुणीच उठत नाही, ती त्या घरापुरती खोटी. आजवरचे कॅमेरे नुसते बाहेर बघत होते. जागल्या आतही लक्ष ठेवतो."

आत लक्ष ठेवतो म्हटल्यावर बायाबापड्या चमकल्या, तेव्हा तिनं नीट समजावून सांगितलं. घरात वाय-फाय असतं. त्याच्या लहरी खोलीभर पसरलेल्या असतात. माणूस उठून बसला, कुशीवर वळला, किंवा नुसत्या श्वासानं त्याची छाती वरखाली झाली, तरी त्या लहरी किंचित विस्कटतात. ते विस्कटणं मोजलं की घरात एकही कॅमेरा न लावता पेटीला समजतं, कोण गाढ झोपलंय, कोण दचकून उठलंय आणि कोण डोळे न उघडताच पुन्हा झोपलंय. बाहेरचं हलणं आणि आतलं उठणं यांची सांगड घालत ती शिकत जाते. मांजराच्या चालीसाठी घर कधीच उठत नाही, हे एकदा उमगलं की मांजर गेलं तरी ती गप्प बसते.

"पण पहिल्या दिवशी तिला काय कळणार?" मागच्या बाकावरून वृषालीनं विचारलं. वृषाली म्हणजे गोरक्षची बायको. मोजकं बोलायची, पण बोलायची ते नेमकं.

"पहिले काही आठवडे ती विचारील," तेजल म्हणाली. "मराठीतच विचारील. तुम्ही आपल्या बोलीत उत्तर द्यायचं. त्यावरून ती पहिला अंदाज बांधते."

पेटी आली आणि घरात एक पाहुणाच आल्यासारखं झालं. दिवेलागणीनंतर अंगणात काही हललं की भिंतीवरून आणि ओसरीतल्या कर्ण्यातून एखाद्या वयस्कर काकांसारखा खर्जातला आवाज यायचा, "अंगणात हालचाल आहे. कोण आहे?" गोरक्षची आई सिंधूबाई सुरुवातीला उत्तर देण्याआधी डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. "कुणी नाय बाबा, मांजर हाय," असं आदबीनं सांगायच्या. नववीतली ओवी नातीचा हक्क बजावून त्यांना हसायची आणि स्वतः मात्र पेटीशी गप्पा मारत बसायची. पेटी हळूहळू शहाणी झाली. पाकोळी गेली, कोळी गेला, पपई गेली, ट्रक गेले. विचारणंही थांबलं. मग एकदा ती खच्चून वाजली. सगळे धडपडत उठले, तर गोठ्याच्या कुडाला नाक लावून बिबट्या उभा. दिवे लागले, डबे बडवले, तो उसात पसार झाला. त्या दिवसापासून सिंधूबाई दिवा लावताना पेटीलाही हात जोडायला लागल्या.

घर निर्धास्त झोपू लागलं. पूर्वी मळ्यातली माणसं झोपायची तीही एक कान उघडा ठेवून. गोठ्यात दावं ताणलं गेलं तरी जाग यायची. आता तो कान पेटीकडे गेला होता. खिडक्या लावून घ्यायच्या, कूलर सोडायचा आणि गाढ झोपायचं. वृषालीलाही ते बरंच वाटत होतं. दिवसभर राबलेल्या माणसांना झोप मिळते आहे, यात वाईट काय?

तिची स्वतःची झोप मात्र पहिल्यापासून तुटकीच होती. शेतीच्या विजेचं एक आठवडा दिवसाचं आणि एक आठवडा रात्रीचं असं चक्र होतं. दिवसा वीज देण्याचं बोलणं ती लग्न होऊन आल्यापासून ऐकत होती. वीज आली की मोटार आपोआप सुरू व्हायची, एवढी सुधारणा झाली होती, पण टोमॅटोच्या एका प्लॉटचं पाणी दुसऱ्या प्लॉटला वळवायला व्हॉल्व्ह हातानंच फिरवावा लागायचा. गोरक्षला पहाटे टेम्पो घेऊन भाजी बाजाराला न्यावी लागे. एकदा त्याला ताप आला होता, तेव्हा ती म्हणाली होती, चार दिवस मी जाते पाण्याला. ते चार दिवस संपलेच नाहीत. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. नको जाऊस, असंही कुणी म्हटलं नाही.

ती उठायची तीही चोरासारखी. चपला हातात धरून ओसरी ओलांडायची, दाराची कडी बोटानं दाबून सरकवायची. आपल्यामुळं कुणाची झोप मोडत नाही याचा तिला थोडा अभिमानसुद्धा होता.

ज्या रात्री तिचा पाय मोडला, त्या रात्रीही ती अशीच निघाली. व्हॉल्व्ह फिरवून परत येताना अंगणाच्या टोकाला हौदापाशी शेवाळावरून पाय सटकला. उजवा घोटा अंगाखाली आला आणि काडी मोडल्यासारखा आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला. बॅटरी घरंगळत कुठंतरी गेली. फोन घरात चार्जिंगला होता.

पहिली हाक तिनं हळूच मारली. आत्याबाईंची, म्हणजे सासूची, झोप मोडेल, असं तेव्हाही तिच्या मनात आलं. मग कळ मस्तकात गेली आणि ती मोठ्यानं ओरडली. नवऱ्याला हाक मारली, लेकीला मारली, सासूला मारली. बंद खिडक्यांच्या आत कूलर घरघरत होता. समोर घराच्या कोपऱ्यावर कॅमेऱ्याचे मिणमिणते तांबडे ठिपके दिसत होते. त्यांच्याकडे बघून तिनं हात हलवला, पदर हलवला. कॅमेरा तिच्याकडे बघत होता यात शंकाच नव्हती. मग पलीकडच्या वस्तीवरची कुत्री एकाएकी गप्प झाली. उसाकडेला राहणाऱ्याला ती शांतता ओळखता येते. वृषालीनं ओरडणं थांबवलं, हौदाच्या भिंतीला पाठ घट्ट लावली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबला.

पहाटे धार काढायला सिंधूबाई उठल्या, तेव्हा ती त्यांना थंडगार पडलेली सापडली.

दवाखान्यातून प्लास्टर घालून ती घरी आली, तोवर गोरक्षच्या रागाचा पारा चढलेला होता. त्यानं फोन करून तेजलला बोलावून घेतलं. दुसऱ्याच दिवशी दुपारी ती आली. बैठकीत वृषाली पलंगावर पाय उशीवर ठेवून बसली होती, सिंधूबाई खाली भिंतीला टेकलेल्या, ओवी दाराशी.

"बिघडलंय तुमचं मशिन," गोरक्ष उभ्याउभ्याच म्हणाला. "माझी बायको मेली असती रातच्याला. कॅमेऱ्यात ती सगळी दिसतीये. हात हलवतीये. मग वाजलं का नाही?"

तेजलनं लॅपटॉप पेटीला जोडला. बराच वेळ ती बघत राहिली. एकदा तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून बघितलं. तिचा चेहरा उतरत गेला.

"बिघडलेलं नाही, दादा," ती म्हणाली.

"म्हंजे?"

"त्याला ताई दिसल्या. ताईच आहेत हेही त्यानं ओळखलं. चालीवरून, उंचीवरून." ती अडखळली. "पण हे वाजण्यासारखं नाही, असं त्यानं ठरवलं."

"त्यानं ठरवलं? तो कोण ठरवणारा?"

तेजलला बोलायचं नव्हतं, हे वृषालीला दिसलं. पोर बिचारी दुसऱ्याच्या घरातली झाकली मूठ हातात घेऊन बसली होती.

"सांगा ताई," वृषाली म्हणाली. "माझाच पाय मोडलाय. मला कळू द्या."

तेजलनं शिकवणीच्या आठवड्यांतले आवाज लावले. आधी तो खर्जातला प्रश्न, अंगणात हालचाल आहे, कोण आहे? मग उत्तर. गोरक्षचा झोपाळलेला आवाज आला, "कुणी नाय रे, वृषाली आहे." पुन्हा प्रश्न, आणि सिंधूबाई, "कुणी नाय बाबा, सूनबाई हाय आमची." ओवीचा आवाज, जांभईसकट, "कुणी नाही, मम्मी आहे." एकामागून एक तेच. शेवटी एक कुजबुजता आवाज आला. तो ओळखायला वृषालीला क्षणभर वेळ लागला, कारण आपण इतकं हळू बोलतो हे तिला माहीत नव्हतं. "कुणी नाही रे बाबा, मी आहे. झोप तू."

"सगळ्यांनी त्याला एकच सांगितलं," तेजल म्हणाली. "ताई दिसल्या की, कुणी नाही."

सिंधूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई, बोलायची रीत हाय ती! दाराशी कुणी आलं अन् आतनं इचारलं, कोण हाय, तर काय म्हणायचं? कुणी नाय, मी हाय. म्हंजे परकं कुणी नाय, भ्यायचं कारण नाय, आपलंच माणूस हाय. तुमच्या मशिनला येवढं बी शिकवलं नाय का कुणी?"

"नाही शिकवलं, आजी," तेजल म्हणाली. "ती आमची चूक आहे. मी कळवते वर."

खोलीतला ताण एकदम सैल झाला. गोरक्ष खुर्चीत टेकला. "बघा! भाषेचा घोटाळा," तो म्हणाला, "मी म्हणत नव्हतो, मशिनचीच चूक!" ओवीनं सुस्कारा सोडला. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, आणि खरं सांगायचं तर वृषालीलाही झालं. एक शब्द चुकला, यंत्राला उमगला नाही, संपलं. तेजलनं तिथंच लॅपटॉप मिटला असता तर बरं झालं असतं असं तिला नंतर पुष्कळदा वाटलं.

पण ओवीनं विचारलं, "ताई, मी बाहेर गेले तरी आजी तेच म्हणते. कुणी नाय, ओवी हाय. मग माझ्यासाठी कसं वाजतं? मागं मी माडीवरून बाहेरच्या जिन्यानं खाली आले, तर केवढं वाजलं होतं."

तेजल लॅपटॉपकडे बघत बसली.

"सांगा ना," ओवी म्हणाली.

"शब्दाला तो फार किंमत देत नाही," तेजल हळूच म्हणाली. "शब्दावरून पहिला अंदाज, एवढंच. तुझ्याबद्दलही त्याला कुणी नाही असंच सांगितलं होतं. पण तू रात्री बाहेर गेलीस की घरातलं कुणीतरी उठून बसायचं. बाबा उठायचे, आई उठायची. तेवढ्यावरून त्यानं आपली चूक दुरुस्त केली. शब्द चुकला तरी चालतो. उठण्यानं तो सुधारतो."

कूलर बंद होता. गोठ्यात म्हशीनं पाणी फुर्रकन नाकातून उडवलेलं ऐकू आलं.

वृषालीला आधी शरम वाटली. आपणच काही लबाडी करताना सापडलो, अशी शरम. मग ती शरम ओसरली आणि खाली जे होतं ते वर आलं. इतकी वर्षं ती रात्री दाराबाहेर पडत होती आणि पेटीचं विचारणं थांबल्यापासूनच्या एकाही रात्री ह्या घरात तिच्यासाठी कुणाचा श्वाससुद्धा बदलला नव्हता. हे कुणी भांडणात बोललं असतं तर तिनं खोटं म्हणून उडवून लावलं असतं. इथं तर पेटीनं आकस न धरता, माया न धरता नुसतं बघितलं होतं. तिला फार दुखलं. घोट्यापेक्षा कितीतरी जास्त दुखलं.

"यावर उपाय आहे," तेजल घाईघाईनं म्हणाली. "मी आत्ता हातानं नाव घालून देते. ताई बाहेर पडल्या की दरवेळी वाजेल. शिकण्याचा प्रश्नच नाही."

"घाला, घाला," गोरक्ष म्हणाला. "आत्ताच्या आत्ता घाला."

"नको," वृषाली म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"वेडी का काय तू?" गोरक्ष म्हणाला. "पुन्हा असं झालं म्हंजे?"

"नाही व्हायचं. मी रात्रीच्या पाण्याला जाणारच नाही."

"प्लास्टर आहे तवर नको जाऊस. कोण म्हणतंय जा!"

"प्लास्टर निघालं तरी नाही."

सिंधूबाईंना राहवलं नाही. "अगं, त्याला पहाटं गाडीवर जायचं असतं. झोप नाय झाली अन् गाडी कुठं घातली म्हंजे?"

"मलाही पहाटंच उठायचं असतं, आत्याबाई," वृषाली म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी पडले ती झोप नव्हती म्हणूनच पडले. अन् ताई, तुम्ही माझं नाव घालाल, पेटी वाजेल, ते खरं. पण ज्याला उठावंसं वाटत नाही, त्याला पेटी काय अन् ढोल काय? आवाज बंद करायला हात पुरतो. मला माझं नाव हातानं घातलेलं नको."

तेजलनं वायर गुंडाळली. जाताना तिनं वृषालीच्या पायाखालची उशी सरळ केली आणि ती गेली.

मग घरात अबोला शिरला. भांडण बरं, त्याला शेवट असतो. गोरक्ष जेवायला बसायचा, ताटाकडे बघून जेवायचा आणि उठायचा. त्याला राग आला होता, आणि राग कुणाचा तेच त्याला ठरवता येत नव्हतं. कधी तो म्हणायचा, पेटीच काढून टाकतो. कधी म्हणायचा, मी काय तिला मुद्दाम पाठवत होतो? त्यानं रात्रीच्या पाण्यासाठी गडी शोधला. पण बिबट्याच्या उसात रात्री पाय घालायला दुप्पट मजुरीवरही कुणी तयार झालं नाही. "आमच्या घरी बायकापोरं आहेत, गोरखभाऊ," असं एकजण त्याला तोंडावर म्हणाला. ते वाक्य त्यानं घरी येऊन सांगितलं, चिडून सांगितलं, आणि सांगता सांगता मध्येच थांबला.

विजेची पाळी रात्रीवर आली. टोमॅटो फुलावर होते. पाणी चुकवून चालण्यासारखं नव्हतं. गोरक्ष काही न बोलता उठला, दारामागची बॅटरी घेतली आणि बाहेर पडला.

तो अंगणात पोचतो न पोचतो तोच जागल्या खच्चून वाजला. गोरक्षचं त्या वेळी बाहेर जाणं पेटीच्या ओळखीचं नव्हतं. बैठकीतला दिवा लागला. सिंधूबाई खोलीतून धावत आल्या, "गोरख, अरे काठी घेतलीस का? नुसत्या बॅटरीनं काय व्हतंय?" ओवी काठी घेऊन अंगणापर्यंत पळाली, "पप्पा, फोन घेतलाय ना? बोलत राहा मोबाइलवर." गोरक्षनं काठी घेतली, आवाज बंद करा म्हणाला, आणि प्लॉटकडे वळला.

वृषाली तोवर दारात आली होती. कुबडी कुठं ठेवली होती, पलंगावरून ती कशी उतरली, तिला आठवत नव्हतं. पेटी वाजायच्या आधीच, कडीच्या आवाजानं तिचा डोळा उघडला होता. अंग आपोआप उठलं होतं. त्या अंगाचा तिला राग आला. काय म्हणून उठलीस? पड की तशीच. एक रात्र तरी त्यानं बघू दे, मागं कुणी जागं नसलं म्हणजे उसाची कड कशी वाटते ते. असं ती स्वतःला बजावत होती, आणि बजावता बजावता खुर्ची ओढून दारात बसत होती.

आजी-नात थोड्या वेळानं आत जाऊन पडल्या. वृषाली बसून राहिली. लांबवर बॅटरीचा उजेड टोमॅटोच्या काठ्यांमधून हलत होता. मग तो दिसेनासा झाला. आणि पलीकडच्या वस्तीवरची कुत्री गप्प झाली.

सगळा राग, सगळा अपमान कुठल्या कुठं गेला. "अहो!" ती ओरडली. ओ आली नाही. "अहो, कुठं आहात?" कुबडीवर रेलून ती पायरी उतरली, प्लास्टरचा पाय जमिनीला लागला, कळ आली, तरी उतरली.

बऱ्याच वेळानं उसाच्या कडेकडून त्याचा आवाज आला, "आहे, आहे! तिथंच थांब, येऊ नको!"

तो आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला होता. हौदावर त्यानं पाय धुतले नाहीत, हौदाकडे नुसतं बघितलं. मग शेवाळ होतं त्या जागेला वळसा घालून तो तिच्यापाशी आला, तिला हाताला धरून पायरीवर बसवलं आणि दोन पायऱ्या खाली, तिच्याकडे पाठ करून, स्वतः बसला.

"उसात काहीतरी होतं," तो म्हणाला. "दिसलं नाही. पण होतं. मी चाललो की चालायचं, थांबलो की थांबायचं."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तो अंगठ्यानं पोटरीवरचा चिखल खरवडत राहिला.

"तू झोपली नाहीस?" त्यानं विचारलं.

"माणूस बाहेर असताना झोप येते का?"

त्याचा हात थांबला. पाठमोरा होता, म्हणून त्याचं तोंड तिला दिसत नव्हतं.

"मला येत होती," तो म्हणाला.